मढवी सरांची केंद्रकी

मढवी सरांनी आमच्या ज्युनियर कॉलेजात कुणाला नापास केल्याचं मला आठवत नाही. कोरा पेपर देणाऱ्यालाही ते "हजर होता ना, बसला होता ना तीन तास?" असं म्हणून दोन मार्क देतात. पण पेशीच्या आकृतीत केंद्रकीभोवती रेघ काढली, तर मात्र तिचा अर्धा मार्क ते कधीच देत नाहीत. मग तो मुलगा वर्गात पहिला येणारा असो, नाहीतर प्राचार्यांचा भाचा असो. प्राचार्यांचा भाचा एकदा खरोखरच होता. त्यालाही दिला नाही.

केंद्रकी म्हणजे काय, हे दहा वर्षांपूर्वी मलाही माहीत नव्हतं. मी मराठी शिकवते. डोंबिवलीच्या या कॉलेजात मी रुजू झाले त्या दिवशी स्टाफरूममध्ये एकच खुर्ची रिकामी होती. ती रिकामी का आहे, हे मला पाच मिनिटांत कळलं. शेजारच्या खुर्चीवर पांढरा ॲप्रन घातलेले एक उंच, सडपातळ गृहस्थ बसले होते. वय पन्नाशीच्या आसपास. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. मी मराठीची आहे एवढं कळल्यावर खुर्ची माझ्याकडे वळवली आणि विचारलं, "मॅडम, केंद्रक नपुंसकलिंगी, मग केंद्रकी स्त्रीलिंगी का?"

मी म्हटलं, लहान वस्तूला मराठीत बऱ्याचदा स्त्रीलिंगी रूप येतं. लोटा-लोटी, दांडा-दांडी, तसं असेल.

"लहान," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे मराठीनंसुद्धा तिला लहानच ठरवलं."

मग त्यांनी माझं कोरं करकरीत वेळापत्रक उलटं केलं आणि मागे पेन्सिलीने पेशी काढायला घेतली. पेशीच्या आत केंद्रक. पुस्तकात हे केंद्रक साहेबासारखं मिरवतं, सगळे हुकूम तिथून सुटतात. आणि त्या केंद्रकाच्या आत एक गडद गोळा, ती केंद्रकी. तो गोळा त्यांनी रेघ न मारता काढला. नुसती टिंबं. टिंबाला टिंब लावत, मध्ये दाट, कडेला विरळ. त्याला वीस मिनिटं लागली. माझा या कॉलेजातला पहिला तास त्यात बुडाला. प्राचार्यांनी विचारलं तेव्हा मी मढवी सरांचं नाव सांगितलं. त्यांनी फक्त मान हलवली. त्यांच्याकडे या कारणासाठी वेगळा रकाना असावा.

सरांचं दुःख असं, की पाठ्यपुस्तकात केंद्रकीला दीड ओळ आहे. केंद्रकाला पाऊण पान, पेशीतल्याच तंतुकणिकेला रंगीत चित्रासकट अर्धं पान, आणि केंद्रकीला दीड ओळ. "दीड ओळ" हा त्यांचा शब्द झाला होता. कुणावरही अन्याय झाला की ते "त्याला दीड ओळ मिळाली" असं म्हणत. एका लिपिकाची बढती हुकली, तेव्हा शोकसभेतल्यासारखे उभे राहून ते त्याला म्हणाले, "चालायचंच. दीड ओळ." त्याला काही कळलं नाही, पण बरं वाटलं म्हणाला.

दर जूनमध्ये ते पुस्तक तयार करणाऱ्यांना पत्र लिहीत. मी आल्यापासून त्या पत्राचं शुद्धलेखन माझ्याकडे आलं. पत्र चार पानी असे. त्यात मुद्दे तेच, पण दरवर्षी कळवळा वाढलेला. पेशीला प्रथिनं लागतात, प्रथिनं बनवायला रायबोझोम लागतात, आणि त्या लाखो रायबोझोमचे सुटे भाग केंद्रकीत तयार होतात. एक मोठा भाग, एक लहान भाग. ते केंद्रकाच्या पडद्यातल्या छिद्रांतून बाहेर जातात आणि बाहेर गेल्यावर एकमेकांना जोडले जातात. हे थांबलं तर पेशी थांबली. "तरी दीड ओळ का, याचा खुलासा व्हावा," असा शेवट. एका वर्षी उत्तर आलं. छापील कार्ड होतं, 'आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.' सरांनी ते लॅमिनेट करून प्रयोगशाळेत लावलं. खाली विद्यार्थ्यांपैकी कुणीतरी बारीक अक्षरात लिहिलं, 'अर्धी ओळ.' सरांनी ते पुसलं नाही.

रेघेचा मुद्दा असा, की केंद्रकीला भिंत नसते. पडदा नाही, साल नाही, दार नाही. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या पाच जोड्या, म्हणजे दहा गुणसूत्रं, आपापला एक तुकडा घेऊन तिथे जमतात. त्या तुकड्यांवर रायबोझोमची कृती लिहिलेली असते. ती वाचली जायला लागली की बाहेरून प्रथिनं येतात आणि कामाचा गराडा पडतो. त्या गराड्यालाच आपण केंद्रकी म्हणतो. सर वर्गात सांगताना कल्याणचा फुलबाजार सांगत. पहाटे बाजार बघा, म्हणत, आत जायला जागा नाही, आणि दुपारी त्याच जागेवर क्रिकेट चाललेलं. बाजार गेला कुठे? कुठे गेला नाही. काम संपलं. आमच्याकडे बरीच मुलं कल्याणहून येतात. त्यांना हे पटकन कळे, फक्त परीक्षेत ती उत्तराची सुरुवात "केंद्रकीत पहाटे झेंडू मिळतो" अशी करत.

एकदा एक आई भांडायला आल्या. मुलाचा अर्धा मार्क कापला होता, आणि तेवढ्यामुळे त्याचा नंबर एकाने खाली गेला होता. त्यांचं म्हणणं, एवढीशी रेघ, तीही फिकट. सरांनी वाद घातला नाही. बाईंना प्रयोगशाळेत नेलं, पिशवीतून कांदा काढला, त्याचा पातळ पापुद्रा सोलून काचेवर ठेवला, आयोडीनचा थेंब टाकला आणि म्हणाले, बघा तुम्हीच, रेघ दिसली तर मार्क देतो. बाई बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या. रेघ सापडेना. मग त्यांनी दुसरी पेशी मागितली, तिसरी मागितली. शेवटी शिपाई विजेची बटणं बंद करायला आला तेव्हा उठल्या. पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा दिसल्या तेव्हा मला वाटलं, आता संस्थेकडे तक्रार. त्यांच्या हातात पिशवी होती. गावाकडून पांढरे कांदे आले होते, ते सरांसाठी घेऊन आल्या होत्या.

कांदा सरांच्या पिशवीत कायम असे. पापुद्रा शास्त्राला, बाकीचा भाकरीबरोबर. कँटीनवाल्याकडे कधी कांदा संपला, तर तो थेट तिसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळेत माणूस पाठवायचा.

विज्ञान प्रदर्शनाची गोष्ट तर आमच्याकडे अजून सांगतात. अकरावीच्या मुलींनी थर्माकोलमध्ये पेशीचं मोठं मॉडेल केलं होतं आणि केंद्रकी म्हणून पिंगपाँगचा चेंडू बसवला होता. सरांनी चेंडू उपटून काढला. चेंडूला कवच असतं. मग ते तीन दिवस कवच नसलेली गोल वस्तू शोधत डोंबिवलीभर फिरले. कापसाचा गोळा विरळ पडला, मातीचा गुळगुळीत झाला. शेवटी त्यांना ती मिठाईच्या दुकानात सापडली. बुंदीचा लाडू. दाणा दाण्याला लागून आहे, कडेला सुटा आहे, आणि साल नाही. ते इतके खूश झाले, की त्यांनी आम्हा सगळ्यांना एकेक लाडू दिला आणि खाण्याआधी निरखायला लावला. प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षक आले तेव्हा केंद्रकीच्या जागी रिकामा खड्डा आणि मुंग्यांची रांग होती. मुली रडायला लागल्या. सर शांतपणे पुढे झाले, एक चिठ्ठी लिहिली आणि मॉडेलवर टाचणीने टोचली: 'सध्या पेशीविभाजन चालू आहे.' परीक्षकांना त्यांनी समजावलं, की पेशी दुभंगायला लागली की केंद्रकी विरून जाते, आणि दोन नव्या पेशी तयार झाल्या की दोन्हींत पुन्हा दिसू लागते. त्या मॉडेलला दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं का नाही, म्हणून सर दोन दिवस घुश्शात होते.

असा हा माणूस. आम्ही त्यांची यथेच्छ चेष्टा करत असू आणि त्यांना ती चालत असे. पण त्यांच्या घराबद्दल कुणाला काही ठाऊक नव्हतं. लग्न केलेलं नाही, डोंबिवली पश्चिमेला एका खोलीत भाड्याने राहतात, मूळचे कळव्याकडच्या खाडीकाठच्या गावातले आगरी, एवढंच. वर्षातून एकदा, साधारण त्या गावच्या जत्रेच्या सुमाराला, कॉलेजच्या फाटकाशी एक मोठी पांढरी गाडी येऊन उभी राही. तिच्यातून गळ्यात सोन्याची जाड साखळी घातलेला, तिशी उलटलेला एक धिप्पाड तरुण उतरे. तो सरांचा भाचा, किशोर. तो ऑफिसात "जनामामा हाय का?" असं विचारी. सरांचं नाव जनार्दन. ऑफिसातून निरोप वर जाई आणि सर प्रयोगशाळेला आतून कडी लावून घेत. अर्ध्या तासाने किशोर ऑफिसात मिठाईचा पुडा ठेवून निघून जाई. तो पुडा आम्ही खायचो. सर त्याला हात लावत नसत. आमच्यात असं ठरून गेलं होतं, की जमिनीवरून काहीतरी भांडण असणार. त्या बाजूला जमिनींना सोन्याचे भाव आले, इमारती उभ्या राहिल्या, भावाभावांत कोर्टकचेऱ्या झाल्या. यांचंही तसंच. दुसऱ्याच्या घरातलं भांडण आपण किती सहज ठरवून टाकतो.

गेल्या वर्षी माझ्या मानेला गाठ आली. सुपारीएवढी, दुखत नव्हती. आमच्या डॉक्टरांनी सुई घालून तपासणी करायला सांगितली, ती मी केली, आणि एका दुपारी रिपोर्ट हातात आला. माझा नवरा तेव्हा कंपनीच्या कामासाठी महिनाभर चेन्नईला होता. त्याला फोनवर घाबरवायचं नाही, असं मी ठरवलं होतं. रिक्षात बसून मी तो रिपोर्ट वाचला. सगळा इंग्रजीत, आणि मला त्यातला एकच शब्द कळला. पेशींमध्ये न्यूक्लिओलाय ठळक दिसतात, असं होतं. न्यूक्लिओलाय म्हणजे अनेक केंद्रकी. शेवटी लिहिलं होतं, की निश्चित सांगता येत नाही, गाठ काढून तपासावी.

खरं सांगते, मला भीती वाटण्याआधी गंमत वाटली. म्हटलं, चला, सरांची केंद्रकी आपल्याकडेही निघाली. मी रिक्षा घराकडे न नेता कॉलेजकडे वळवली, तीन जिने चढून प्रयोगशाळेत गेले आणि म्हणाले, "सर, तुमची पाहुणी आलीय माझ्याकडे. दीड ओळ दिलीय तिला."

सरांनी कागद वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. मी त्यांच्या व्याख्यानाची वाट बघत होते. ज्या माणसाने नऊ वर्षं कँटीनमध्ये, सहलीत, एकदा तर निरोप समारंभातही केंद्रकीवर भाषण केलं, तो त्या दिवशी गप्प होता. मीच विचारलं, यात घाबरण्यासारखं आहे का? प्रत्येक पेशीत असतेच ना ती?

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी शिक्षक आहे, डॉक्टर नाही. उद्या सकाळी आपण ठाण्याला मोठ्या डॉक्टरांकडे जाऊ. आणि आज घरी गेल्यावर आधी नवऱ्याला फोन करा."

मी म्हटलं, परीक्षा आल्यात, पेपर तपासायचेत, पंधरा दिवसांनी नवरा आला की बघू. त्यावर ते जे बोलले त्यात आवाज चढला नव्हता. ते म्हणाले, "एकही दिवस नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात हजर होते. ॲप्रनशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. ठाण्याच्या दवाखान्यात आमचा नंबर एकविसावा होता. समोरच्या भिंतीवर नंबराचे लाल आकडे बदलत होते आणि त्यांच्याकडे बघत, माझ्याकडे न बघता, सर बोलू लागले.

त्यांचे आईवडील लहानपणीच गेले. थोरल्या बहिणीने त्यांना वाढवलं. तिला ते बाय म्हणत. बाय मिठागरात टोपल्या वाहायची. तळपायांना मिठाच्या भेगा पडलेल्या असायच्या. तरी तिने भावाला ठाण्याच्या कॉलेजात घातलं, एमएस्सी करवलं. तिचं लग्न झालं, नवरा लवकर वारला, आणि एक मुलगा घेऊन ती भावापाशीच राहिली. पुढे जमिनीचे पैसे आले, चार मजल्यांचं घर झालं, पण घरात शिकलेले एकटे सरच. बँकेचा कागद असो, सरकारी नोटीस असो, औषधाची चिठ्ठी असो, सगळं त्यांच्यापुढे यायचं. अकरा वर्षांपूर्वी असाच एक कागद आला. बायच्या छातीत गाठ होती. डॉक्टरांकडे ती शेजारणीबरोबर जाऊन आली होती. रिपोर्टात लिहिलं होतं, काही पेशी संशयास्पद, केंद्रकी ठळक, तुकडा काढून तपासावा. किशोरचं लग्न दोन महिन्यांवर होतं. आगरी घरातली हळद म्हणजे गावभर मांडव. हजार माणसांना आवतण गेलेलं. बायने विचारलं, हे लग्न झाल्यावर केलं तर चालेल का?

"मी जीवशास्त्राचा शिक्षक," सर म्हणाले. "मी कागद वाचला आणि म्हटलं, केंद्रकी सगळ्यांच्याच पेशीत असते, त्यात काय. चालेल."

लग्न झालं. मग तपासणी झाली, मग मोठे उपचार झाले, आणि दीड वर्षाने बाय गेली. नंतर सरांनी केंद्रकीवर जे जे मिळेल ते वाचून काढलं. ठळक केंद्रकी म्हणजे पेशी जोरात कामाला लागलेली, हे त्यांना तेव्हा कळलं. कधी ती जखम भरायला लागलेली असते, कधी आजाराशी लढत असते, आणि कधी नको इतकी वाढत सुटलेली असते. आपण पंचवीस वर्षं जे मुलांना शिकवत होतो, त्यातली आपल्याला दीडच ओळ माहीत होती, असं त्यांना वाटलं. दिवसकार्य झाल्यावर त्यांनी डोंबिवलीत खोली घेतली. भाच्याच्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती.

आमचा नंबर आला. डॉक्टरांनी दोन दिवसांत गाठ काढायची ठरवली. मी फोन केल्यावर माझा नवरा त्याच रात्रीच्या विमानाने आला, आणि मी लपवलं म्हणून तो रागावला, आणि त्याच्या रागावण्याने मला किती बरं वाटलं ते काय सांगू. आठवडाभराने निकाल आला. कुठल्याशा संसर्गाशी झगडून फुगलेली साधी गाठ होती. मी फोन केला तेव्हा सर म्हणाले, शब्द न शब्द वाचून दाखवा. मी वाचला. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितला. मग म्हणाले, "कामाला लागलेल्या पेशी होत्या तुमच्या. कामसू आहेत." आणि फोन ठेवून दिला.

त्यानंतर मी त्यांना दोन-तीनदा म्हणून पाहिलं, की कळव्याला एकदा जाऊन या. ते विषय बदलत. मी जोर केला, तर पिशवीतून कांदा काढत.

जत्रेच्या दिवसांत पांढरी गाडी फाटकाशी आली. ऑफिसातून निरोप गेला, वर नेहमीप्रमाणे कडी लागली. या वेळी मी ऑफिसात गेले आणि किशोरला म्हटलं, मिठाई ठेवू नका, माझ्याबरोबर वर चला. तो गोंधळला, पण आला. प्रयोगशाळेचं दार मी ठोठावलं आणि म्हटलं, सर, मी आहे, सावंत. ते खोटं नव्हतं. दार उघडलं आणि मामा-भाचे समोरासमोर उभे राहिले.

मी निघून जायला हवं होतं. पण सरांनी माझ्या मनगटाला धरून ठेवलं होतं, लहान मूल धरतं तसं. किशोरने धाकट्या मुलीच्या बारशाचं आवतण दिलं. सरांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. रिपोर्ट काय होता, आपण काय बोललो, दोन महिने कुणामुळे गेले. नऊ वर्षांत मी त्यांच्या तोंडून पुस्तकी मराठीच ऐकली होती. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या गावची, 'मला'च्या जागी 'मना' म्हणणारी बोली ऐकली.

किशोरने ऐकून घेतलं. तो प्रयोगशाळेतल्या एका स्टुलावर बसला. ते त्याला फारच लहान होतं.

"मामा, माझ्या आयला सगला माहीत होता," तो म्हणाला. "डॉक्टरनी तिला पयल्याच दिवशी सांगलेला, थांबू नको म्हनून. ती मना लगीन झाल्यावर बोलली."

सरांनी विचारलं, "मग मना इचारला कशाला?"

"तू चालेल बोललास की घरात कोन आडवा येनार नाय, म्हनून. तुझा शबूद शेवटचा ना घरात." किशोर खाली बघत होता. "माझ्या हलदीसाठी थांबली ती. माझ्या. मी कोनाला सांगू?"

कुठल्याशा नळाचं पाणी ठिबकत होतं. सरांनी माझं मनगट सोडलं, जाऊन नळ घट्ट बंद केला आणि तिकडेच तोंड करून उभे राहिले. मग विचारलं, "अकरा वरसा तू मना सांगला नाय?"

"तू येतंस कवा?" किशोर म्हणाला. "मी दर वरसाला येतंय. तू कडी लावतंस."

मी तिथून निघाले. थोड्या वेळाने दोघं जिना उतरताना दिसले. सर मधेच थांबून वळले आणि स्टाफरूमच्या दाराशी येऊन मला म्हणाले, की पुढचा तास माझा आहे, बारावीचा, तुम्ही घ्याल का? ठाण्याचा तो दिवस सोडला, तर त्यांनी नऊ वर्षांत एकही तास चुकवला नव्हता. मी हो म्हटलं.

वर्गात मी खिडकीशी उभी राहून मुलांना गप्प करत होते, पण लक्ष खाली होतं. गाडी सुरू होऊनही बराच वेळ जागची हलली नाही. आतलं काही दिसत नव्हतं. मग ती फाटकातून बाहेर पडली.

पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, मढवी सर कुठे गेले?"

"घरी," मी म्हटलं, आणि हजेरीपट उघडला.